निबंधाच्या सरावाला एआय चॅटबॉट: जून ते जानेवारी वापरल्यानंतर

निबंध शिकवायला चॅटबॉट उपयोगी पडतो, पण प्रश्न विचारणारा म्हणून. लिहून देणारा म्हणून तो मुलांचं नुकसान करतो आणि गुण देणारा म्हणून त्याच्यावर विसंबता येत नाही. वापर दहावीच्या मराठी कुमारभारतीपुरता होता: मोफत आवृत्ती, शिक्षकाचं खातं, वर्गात एकच मोबाइल आणि प्रोजेक्टर. इंग्रजी निबंधाचा हिशेब वेगळा असू शकतो.

कुमारभारतीत उपयोजित लेखनाला 24 गुण असतात. त्यांतले 8 लेखनकौशल्याचे: प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक यांपैकी एक, 100 ते 120 शब्दांत. एवढ्या जागेत प्रस्तावनेचा फापटपसारा परवडत नाही. चॅटबॉटला नेमका तोच आवडतो. ‘पहिला पाऊस’ म्हटलं की मातीचा सुगंध, नाचणारा मोर, कागदाच्या होड्या आणि गरमागरम भजी ठरलेलीच. मोर तर चंद्रपूरच्या मुलासाठीही नाचतो आणि डोंबिवलीच्या मुलासाठीही.

म्हणून पहिल्या आठवड्यात त्याच्याकडून मुद्दाम निबंध लिहून घ्यावा आणि फळ्यावर दाखवावा. मुलांना काम एकच: जे वाक्य कुठल्याही गावातल्या कुठल्याही मुलाने लिहिलं असतं, त्यावर काट. बारा वाक्यांत दोन उरली तरी खूप. या एका तासाचा उपयोग पुढच्या सगळ्या महिन्यांत झाला, कारण तेव्हापासून मुलं स्वतःच्या वहीतही तीच काट मारायला लागतात.

खरा वापर लिहिण्याआधीचा. प्रॉम्प्ट, म्हणजे चॅटबॉटला द्यायची सूचना, असा ठेवला: ‘मी दहावीत आहे. विषय: बंद पडलेल्या एसटीचे आत्मकथन. निबंध लिहू नकोस, एकही वाक्य तयार करून देऊ नकोस. मला एका वेळी एकच प्रश्न विचार, एकूण पाच. माझे उत्तर मोघम असेल तर पुढे न जाता तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचार.’ शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. ते नसेल तर ‘मी लोकांची खूप सेवा केली’ या उत्तरावर ‘वा, सुंदर विचार!’ येतं आणि गाडी पुढे जाते. ते असेल तर तो विचारतो: सेवा म्हणजे काय? एका फेरीचं सांग. मग वहीत वाक्य उतरतं, ‘पहाटे साडेपाचच्या फेरीला आधी दुधाचे कॅन चढायचे, मग माणसं.’ हे वाक्य मुलाचंच असतं. फक्त ते मागायला कुणीतरी हवं होतं. तीस-पस्तीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला असं पाच वेळा खोदून विचारायला शिक्षकाला सवड कुठे असते?

तासाचा हिशेब असा बसला: प्रश्नोत्तरं 8 मिनिटं, चार-चार मुलांच्या गटात, उत्तरं वहीत मुद्दे म्हणून. मग मोबाइल बंद आणि हाताने लिखाण 20 मिनिटं. उरलेल्या वेळात शेजाऱ्याने वाचायचं. चॅटबॉटकडे परत फक्त चार वह्या जातात, दर आठवड्याला वेगळ्या. सगळ्यांच्या पाठवायला गेलं की मोफत आवृत्तीची फोटोंची मर्यादा संपते आणि शिक्षकाचा संयमही.

इथे सर्वांत मोठा खड्डा आहे. हस्ताक्षराचा फोटो वाचताना चॅटबॉट चुका गुपचूप दुरुस्त करतो. वहीत ‘परिक्षा’ असतं, तो ‘परीक्षा’ वाचतो आणि वर सांगतो की शुद्धलेखन उत्तम आहे. पुढचा शब्द कोणता येईल याच्या अंदाजावर चालणारं ते यंत्र; चुकीच्या शब्दापेक्षा बरोबर शब्दच त्याला जास्त संभवनीय वाटतो. ‘जसेच्या तसे उतरव’ असं बजावलं तर फरक पडतो, पण भरवसा ठेवण्याइतका नाही. शिवाय घाईच्या अक्षरात ळ आणि ल, रफार आणि अनुस्वार यांचा गोंधळ होतोच. तेव्हा फोटो आशयापुरता. शुद्धलेखन लाल पेनाने, वहीवरच.

टाइप केलेल्या मजकुरातही ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत तो डळमळीत. ‘गरीब’ दीर्घ, पण सामान्यरूपात ‘गरिबांना’. ‘फूल’ पण ‘फुलाला’. ‘शरीर’ मात्र तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणून ‘शरीराला’. नियम विचारला तर बरेचदा नीट सांगतो आणि त्याच उत्तरात खाली ‘गरीबांना’ लिहितो. आत्मकथनात लिंग सांभाळत नाही: एसटी ‘मी धावले’ म्हणून सुरू होते आणि चार ओळींनी ‘मी थकलो’ म्हणते. गंमत म्हणजे मुलांच्या लिखाणातली हीच चूक शोध म्हटलं तर चटकन शोधतो. तेवढं काम त्याला जरूर द्यावं.

त्याची वाक्यरचनाही मुलांच्या हाताला लागते, हे उशिरा लक्षात येतं. ‘पाऊस हा निसर्गाचा एक सुंदर आविष्कार आहे, जो आपल्याला आनंद देतो.’ असं शेपटीला ‘जो’ लावलेलं वाक्य, जागोजागी ‘एक’, ‘च्या माध्यमातून’, ‘महत्त्वाची भूमिका बजावते’ हे वहीत दिसायला लागलं की समजावं, मूल घरी तयार निबंध वाचतंय. उलट संवादात आजीच्या तोंडी आलेलं अस्सल वऱ्हाडी किंवा मालवणी वाक्य तो ‘प्रमाण’ करून टाकतो. अशा दुरुस्त्या सरळ नाकाराव्यात. निवेदन प्रमाण मराठीत आणि आजीचं बोलणं आजीच्या बोलीत, एवढं मुलांना कळतं.

संतवचनांबाबत फार सावध. वैचारिक निबंधात तो अभंग एकाचा आणि नाव दुसऱ्याचं देतो. कधी तर ओळच बनवलेली असते, यमकासकट. पाठ्यपुस्तकात किंवा गाथेत सापडली तरच ओळ घ्यायची. मात्र वैचारिक निबंधात विरोधक म्हणून तो झकास. ‘माझ्या मताच्या विरुद्ध तीन मुद्दे सांग, उत्तर मी देईन’ म्हटलं की मुलाला दुसरी बाजू लिहायला सापडते; एरवी बहुतेकांचा निबंध एकाच बाजूचं भाषण असतो. प्रसंगलेखनातही प्रश्नात दिलेली तारीख, स्थळ, पाहुणे यांतलं काय राहिलं, हे चांगलं पकडतो.

गुण मागू नयेत. तोच निबंध दुसऱ्या दिवशी नव्या संभाषणात टाकला की 8 पैकी 6 चे 7 होतात, आणि ‘मी खूप मेहनत घेतली’ असं जोडलं तर आणखी उदार होतो. त्याऐवजी दोनच प्रश्न: कोणतं वाक्य आधीच्या वाक्याला धरून नाही? कुठे वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही? दोनाहून जास्त विचारलं तर पंधरा सूचनांची यादी येते आणि मूल एकही करत नाही. शब्दसंख्याही त्याला विचारू नये. तो मजकूर शब्दांत पाहतच नाही, तुकड्यांत पाहतो, आणि देवनागरीचे तुकडे जास्तच पडतात. 120 सांगतो, मोजले तर 160 निघतात.

संभाषण लांबलं की ‘वाक्य देऊ नकोस’ ही अट विसरून तो आख्खा परिच्छेद हातात ठेवतो. म्हणून प्रत्येक वेळी नवं संभाषण उघडून प्रॉम्प्ट पुन्हा चिकटवायचा. फोटो काढताना मुलाचं नाव, शाळेचं नाव झाकायचं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालची व्यक्ती मूलच धरली आहे, त्यामुळे मुलांची स्वतंत्र खाती उघडायच्या भानगडीत पडू नये.

जानेवारीत, पूर्वपरीक्षेच्या आधी, चॅटबॉट पूर्ण बंद केला. तेव्हा पाच प्रश्न मुलांनी स्वतःच समासात लिहायचे, दोन मिनिटांत, आणि लगेच लिहायला घ्यायचं. बहुतेकांना तीन जमतात. चौथ्यासाठी पेन चघळत बसणारे आहेत, त्यांना तीनवरच सुरू करायला सांगावं.