अकरा महिने, चार वेळा उघडलेला लॅपटॉप आणि एक रबरी पट्टी

नंबरपॅडवरचा पाच बिघडला तो नेमका १८ नोव्हेंबरला. ज्यांचा जीएसटीशी संबंध येत नाही त्यांना यातली गंमत कळायची नाही. २० तारखेपर्यंत थ्री-बी, म्हणजे महिन्याचा जीएसटी रिटर्न, भरायचा असतो आणि माझ्याकडे चौदा दुकानदारांची खाती आहेत. पाच दाबला की एक तर उमटायचाच नाही, नाही तर तीनदा उमटायचा. पाच हजारांच्या बिलाचे एका फटक्यात पाच लाख पंचावन्न हजार!

लॅपटॉप फेब्रुवारी २०२५ मध्ये घेतला. १२व्या जनरेशनचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर-फोर रॅम, ५१२ची एसएसडी, बाकी नेहमीचंच. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, भांडण आता मिटलंय. याच मॉडेलचा १६ जीबीवाला नऊ हजारांनी महाग होता. पुण्याच्या तपकीर गल्लीत रॅमची १६ची सुटी स्टिक २,९०० ला मिळत होती. एवढा हिशेब करायला सीए लागत नाही.

लॅपटॉप विकणारा म्हणाला होता, "ताई, उघडलात की वॉरंटी गेली." माझा यावर विश्वास नव्हता, पण त्याच्याशी वाद घालून उपयोगही नव्हता. मी सीरियल नंबर घालून कंपनीलाच मेल टाकला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. ग्राहकाने रॅम किंवा एसएसडी वाढवली म्हणून मूळ वॉरंटी जात नाही. मात्र नवीन सुट्या भागाची आणि उघडताना झालेल्या मोडतोडीची जबाबदारी आमची नाही. मी त्याची प्रिंट काढून बिलाला टाचली. हा एक कागद नसता तर आज मी वेगळ्याच सुरात लिहीत असते.

आता पट्टीबद्दल. खालचं कव्हर दहा स्क्रूंवर बसतं. आठ समोर दिसतात. उरलेले दोन मागच्या कडेच्या लांब रबरी पट्टीखाली लपलेले असतात, हे मला पाचेक मिनिटं कव्हर उचकटून झाल्यावर कळलं. तोवर एका कोपऱ्यातून असा 'कडाक' आवाज आला की आतून सासूबाईंनी विचारलं, "काय मोडलं गं?" काही मोडलं नव्हतं, क्लिप सुटली होती. मुदत संपलेलं एटीएम कार्ड फटीत सरकवत गेलं की पुढच्या क्लिपा एकेक करून सुटतात. आधी बॅटरीचं कनेक्टर काढलं. मग स्टिकची खाच जुळवून ती तिरकी घातली आणि खाली दाबली. दोन्ही बाजूंचे चिमटे टक् करून बसले. पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काळी ती काळीच. नवरा काही न बोलता बघत होता, ते जास्त लागलं. थोड्या वेळाने लोगो आला. जुनी ८ तशीच ठेवली होती, एकूण २४ झाली. टॅली, एक्सेल, जीएसटी पोर्टल आणि क्रोमचे वीस टॅब एकत्र उघडले तरी आता घरघर नाही.

एप्रिलमध्ये रिकाम्या स्लॉटमध्ये १ टीबीची एसएसडी टाकली. जुलैत लॅपटॉप आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला. मी रॅमच्या कंपनीला शिव्या घातल्या, रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चालवली, चुका निघाल्या. स्टिक काढून नीट बसवली, पुन्हा टेस्ट केली, एकही चूक नाही. माझंच बसवणं कच्चं होतं. शिव्या परत घेतल्या.

पण या तीन वेळांत रबरी पट्टीचा गोंद मेला. आधी तिला धूळ चिकटली, मग मांजराचे केस, मग ती एका टोकाने सुटून जिभेसारखी लोंबायला लागली. लॅपटॉप टेबलावर घसरायचा. फेविक्विक हातात घेऊन ठेवून दिलं, कारण पुढच्या वेळी पट्टी फाटूनच निघाली असती. पन्नास-साठ हजारांच्या वस्तूत दोन स्क्रू गोंदाच्या पट्टीखाली दडवायची कल्पना ज्याची, त्याने ती स्वतः चार वेळा काढून दाखवावी.

२१ नोव्हेंबरला सर्व्हिस सेंटरला गेले. जाण्याआधी चौथ्यांदा उघडून माझी रॅम आणि पक्षकारांच्या डेटाची एसएसडी काढून घेतली. डेटाची जबाबदारी ते घेत नाहीत, तसं लिहूनच घेतात. काउंटरवरच्या मुलाने लॅपटॉप उलटा केला, पट्टी बोटाने उचलली आणि म्हणाला, "उघडलेला आहे. सीआयडी लागेल, मॅडम." मला वाटलं पोलिसात देतात की काय! सीआयडी म्हणजे कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज, ग्राहकाने केलेलं नुकसान. कीबोर्ड सुटा बदलत नाही, तो वरच्या पॅनेलला प्लास्टिकच्या रिव्हेटांनी जोडलेला असतो. पूर्ण पॅनेल बदलायचं, कोटेशन १०,८००.

मी विचारलं, खालचं कव्हर उघडल्याने वरचा पाच कसा मोडतो? तो पट्टीच दाखवत राहिला. मेलची प्रिंट पुढे केली. तो आत गेला, वीस मिनिटं आलाच नाही. मग मी काउंटरवरच्या बाईंना नम्रपणे विचारलं, की ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५च ना? मॅनेजर बाहेर आले. न्यू जर्सीचा भाचा सांगतो, तिकडे अमेरिकेत १९७५च्या वॉरंटी कायद्याचा आधार घेऊन २०१८ मध्ये व्यापार आयोगाने सहा कंपन्यांना 'स्टिकर फाटला की वॉरंटी गेली' छाप अटींवरून तंबी दिली होती. आपल्याकडे केंद्राने २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं, पण काउंटरवर कामाला येते ती प्रिंटच. जॉबशीटवर मी 'वॉरंटीत' असं लिहून घेतलं आणि त्याखाली 'स्क्रू दहा' असंही. लॅपटॉप येईपर्यंत बारा दिवस चारशेच्या कीबोर्डावर जुन्या डेस्कटॉपवर काढले.

उन्हाळ्यात मी भेटेल त्याला सांगत होते, स्वस्तातला घ्या आणि रॅम घरी टाका. ते आता सरसकट सांगणार नाही. एआयच्या सर्व्हरांनी मेमरी ओढून घेतली आणि भाव चढले. डिसेंबरमध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रुशल हा किरकोळ विक्रीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. माझ्याच दुकानदाराने माझ्याच स्टिकचा भाव दुपटीच्या वर सांगितला. आधी दोन्ही मॉडेलांतला फरक बघा, मग स्क्रू ड्रायव्हर उचला. आणि रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असेल तर हा सगळा लेख तुमच्यासाठी नाही.

लॅपटॉप घरी आणून चालू केला तर निळी स्क्रीन, डिस्कचं कुलूप उघडायची रिकव्हरी की मागतेय! सेंटरवाल्यांनी बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करून टाकला होता, त्यामुळे ते कुलूप पडलं. ४८ आकड्यांची की मी फेब्रुवारीतच कागदावर उतरवून कालनिर्णयच्या मागे खोचली होती. नव्या नंबरपॅडवर सहा-सहा आकडे टाकत गेले. त्यात पाच सात वेळा आला आणि सातही वेळा एकेकदाच उमटला. नवऱ्याला हाक मारून दाखवलं.

मग रॅम बसवायला लॅपटॉप उलटा केला. पट्टी नवीन नव्हती, जुनीच दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावली होती, जराशी वाकडी. तिच्याखाली एकच स्क्रू. फोन केला. "मॅडम, आधी तुम्हीच उघडला होता ना?" जॉबशीटवरची ओळ वाचून दाखवली. "येऊन घेऊन जा." जाऊन-येऊन रिक्षाचे एकशे ऐंशी झाले असते. तपकीर गल्लीतून दहा रुपयांना दोन आणले, एक जास्तीचा डब्यात ठेवलाय.