ब्रॉडबँड कंपनीची मदतवाहिनी: दोन फोन, दोन अनुभव

आमच्या इमारतीतील फायबर जोडणी बंद पडल्यावर मी कंपनीच्या मदतवाहिनीला फोन केला, तेव्हा ‘नेट चालत नाही’ एवढेच सांगितल्यामुळे राउटर बंद करून पुन्हा सुरू करण्याच्या सूचनेतच पंचवीस मिनिटे गेली. दुसऱ्या वेळी मात्र ग्राहक क्रमांक हाताशी ठेवून, राउटरवरील ‘एलओएस’ हा दिवा लाल लुकलुकत आहे, म्हणजे प्रकाशसंकेत उपकरणापर्यंत पोहोचतच नाही, हे मी आरंभीच सांगितले आणि तक्रार लगेच लाइनमनकडे गेली. जिन्यातील केबल उंदराने कुरतडली होती!

कर्मचाऱ्यांची भाषा सौजन्यपूर्ण आणि मराठी स्वच्छ होती; परंतु मागितल्याशिवाय त्यांनी तक्रार क्रमांक दिला नाही, हा दोष मला गंभीर वाटतो. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या 2012 च्या नियमांनुसार तो ग्राहकाला मिळायलाच हवा आणि तक्रार न सुटल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाताना त्याचाच आधार असतो. प्रतीक्षेतील सनईची धून तेवढी बदलावी. पाचपैकी तीन तारे.