विजया तेल, तीन महिने वापरून: पाचपैकी तीन तारे

गुडघ्यांचा संधिवात, वय ६३, घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. बाटली बघून हे म्हणाले, "आता भांग तेवढी राहिली होती!" तर आधी खुलासा. विजया म्हणजे भांगेचंच आयुर्वेदिक नाव, आणि हे तेल पानांचं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा, चरस येतात. नुसती पानं त्या व्याख्येत नाहीत. वैद्यांची चिठ्ठी मात्र लागते. मला ती फोनवर सात मिनिटांत मिळाली, आणि एक तारा तिथेच कापला! मी वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी घेते, हे कुणी विचारलंच नाही. भांगेतल्या घटकांनी तिचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी चांगलंच झापलं आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, वरचेवर तपासायला लावला.

रात्री जिभेखाली दोन थेंब. चव कडवट, ओल्या गवताची. दुखणं गेलं का? नाही. जिना अजून कठडा धरूनच. पण रात्री तीनदा कण्हत उठायचे, ते आता एकदाच. एवढ्यासाठी पैसे वसूल.

दुसऱ्या महिन्यात दोन थेंब पुरेनात, पाचांवर गेले. तोंडाला कोरड, सकाळी डोकं जड, स्कूटी बंद. एकदा पहाटे न्हाणीघराकडे जाताना तोल गेला, कपाट होतं म्हणून वाचले. दुसरा तारा त्याचा. आता डॉक्टरांना विचारून पुन्हा दोन थेंबांवर आले आहे, तेही रोज नाही.

झाकणातला ड्रॉपर गळतो, बाटली उभीच ठेवा.