रेडिओवरचा नॉइज हुडकायला काय घ्यावं: डोंगल, टायनीएसए की रिअल-टाइम ॲनालायझर?

काहीही विकत घेण्याआधी बॅटरीवर चालणारा रेडिओ सुरू ठेवून घराचा मेन स्विच पाडा. नॉइज, म्हणजे नको असलेली खरखर, गेला तर चोर घरातच आहे. मग एकेक एमसीबी वर करत गेलं की निम्मं काम फुकटात होतं. यूपीएस तेवढा हातानं बंद करा, मेन पाडला तरी तो आपला चालूच राहतो.

नॉइज तरीही राहिला, किंवा कुठल्या खोलीतून येतो ते कळलं पण कशातून ते कळेना, तर उपकरणाचा विचार करायचा. आरटीएल-एसडीआर डोंगल (लॅपटॉपच्या यूएसबीत लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर), टायनीएसएसारखा हातातला ॲनालायझर (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते पडद्यावर दाखवणारं यंत्र) आणि रिअल-टाइम ॲनालायझर (रुंद पट्टी खंड न पडता सलग बघणारा), असे तीन पर्याय आहेत. लोक फ्रिक्वेन्सीची रेंज बघून निवडतात. माझ्या मते आधी बघायचं ते हे, की तुमचा नॉइज सतत असतो की येऊन-जाऊन, आणि तो ओळखायचाय की त्याच्यापर्यंत चालत जायचंय.

ओळखायचा असेल तर डोंगल. याची खरी ताकद वॉटरफॉलमध्ये आहे, म्हणजे प्रत्येक फ्रिक्वेन्सीवरचा सिग्नल वेळेनुसार रंगात सरकत दाखवणाऱ्या चित्रात. समजा 40 मीटर बँडवर (7 मेगाहर्ट्झच्या आसपासचा हौशी रेडिओचा पट्टा) 7020, 7085 आणि 7150 किलोहर्ट्झला जाडसर, केसाळ पट्टे दिसताहेत. अंतर सारखंच, 65 किलोहर्ट्झ, आणि तिन्ही पट्टे एकदमच हळूहळू सरकताहेत. हा स्विचिंग सप्लाय, म्हणजे चार्जर-ॲडॉप्टरमधलं वीज झपाट्यानं चालू-बंद करून व्होल्टेज बदलणारं सर्किट. ते अंतर म्हणजेच त्याची स्विचिंग फ्रिक्वेन्सी, आणि लोड किंवा तापमान बदललं की ती सरकते. स्फटिकावर चालणाऱ्या डिजिटल सर्किटची रेघ मात्र बारीक आणि बऱ्यापैकी जागच्या जागी असते. हा फरक वॉटरफॉलवर मिनिटभरात कळतो, नुसत्या ट्रेसवर (त्या क्षणाच्या आलेखाच्या रेषेवर) डोळे ताणावे लागतात.

डोंगलच्या मर्यादाही लक्षात घ्या. एका वेळी भरवशानं सुमारे 2.4 मेगाहर्ट्झच दिसतात. सिग्नलचे आकडे करणारा एडीसी 8 बिटचा असल्यामुळे जवळच्या दणदणीत स्टेशननं तो लगेच गुदमरतो आणि नसलेले सिग्नल दाखवतो. नेहमीच्या आर820टी2 ट्यूनरची पट्टी 24 मेगाहर्ट्झपासून सुरू होते, त्यामुळे एचएफसाठी (3 ते 30 मेगाहर्ट्झ) थेट सॅम्पलिंग (ट्यूनर वगळून सिग्नल सरळ एडीसीला देणं) किंवा अपकन्व्हर्टर (सिग्नलची फ्रिक्वेन्सी वर सरकवणारा भाग) असलेलंच मॉडेल घ्या. आणि लॅपटॉप घेऊन शिडीवर चढणं हा काही शोधण्याचा मार्ग नव्हे.

तिथे टायनीएसए कामाला येतो. 0 ते 30 मेगाहर्ट्झ एका नजरेत दिसल्यानं वेगळीच माहिती मिळते. वीजतारांवरून नेटवर्क नेणाऱ्या ॲडॉप्टरचा नॉइज रुंद पठारासारखा उठतो आणि हौशी बँडच्या जागी त्यात मुद्दाम खाचा ठेवलेल्या असतात. तुकड्यातुकड्यानं बघणाऱ्याला हे चित्र जुळवत बसावं लागतं. कोॲक्सचा (टीव्हीच्या केबलसारख्या वायरचा) काही सेंटिमीटरचा लूप करून लावला की एकेक चार्जर, एलईडी ड्रायव्हर, राउटर हुंगत फिरता येतं. यात एक फसवणूक असते. हा लूप, म्हणजेच प्रोब, बहुतेकदा वायरवरच जास्त उसळतो, कारण एचएफवर वायरच अँटेना झालेली असते. लांबून माग काढताना म्हणूनच जमेल तितकी वरची फ्रिक्वेन्सी धरा. व्हीएचएफ-यूएचएफवरचा (30 मेगाहर्ट्झच्या वरचा) नॉइज मूळ जागेच्या जवळच जोरात असतो, शिवाय तिथे हातात धरता येईल एवढी यागी (एकाच दिशेला जास्त ऐकणारी अँटेना) मिळते.

दोन्हींवर दिसलेला सिग्नल खरा आहे का हे तपासण्याची रीत एकच: इनपुटला बाहेरून 10 डीबीचा (डेसिबलचा) ॲटेन्यूएटर, म्हणजे सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा जोड, लावा. सिग्नल 10 डीबीनंच उतरला तर खरा. 20-30 डीबीनं कोसळला तर तो उपकरणाच्या पोटात तयार झालेला होता.

टायनीएसएची अडचण वेळेची आहे. तो पट्टी झाडत जातो, म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फ्रिक्वेन्सी ओळीनं बघतो, त्यामुळे झाडू दुसरीकडे असताना उडालेली ठिणगी त्याला दिसतच नाही. आरबीडब्ल्यू (एका वेळी बघायच्या पट्टीची रुंदी) दहापट बारीक केला की नॉइज फ्लोअर (उपकरणाची स्वतःची तळाची खरखर) 10 डीबीनं खाली जातो, पण अशा झाडणाऱ्या ॲनालायझरचा स्वीप (एका झाडणीचा वेळ) ढोबळमानानं शंभरपट लांबतो. मॅक्स होल्डनं (सगळ्यात मोठं मोजमाप पडद्यावर धरून ठेवणं) काहीतरी होतं एवढं कळतं, कधी ते कळत नाही. मग झीरो स्पॅन वापरा, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर थांबून सिग्नल वेळेनुसार बघा. दर 10 मिलिसेकंदांनी, म्हणजे विजेच्या एका आवर्तनात दोनदा, झुबका आला तर 50 हर्ट्झच्या वीजवाहिनीवर ठिणगी उडत असण्याची शक्यता मोठी. 60 हर्ट्झ असेल तर हेच अंतर 8.3 मिलिसेकंद.

रिअल-टाइम ॲनालायझर ही चूक करत नाही. टेक्ट्रॉनिक्सचा यूएसबीवर चालणारा आरएसए306बी 40 मेगाहर्ट्झ सलग बघतो, आणि घनतेच्या रंगीत पडद्यावर (सिग्नल कुठे किती वेळा दिसला ते रंगानं दाखवणाऱ्या) मोठ्या सिग्नलखाली दडलेला छोटाही उमटतो. 2.4 गिगाहर्ट्झच्या गर्दीत किंवा क्षणिक झुबक्यांसाठी याला तोड नाही. पण घरातला बिघडलेला ॲडॉप्टर शोधायला हा घेणं म्हणजे निव्वळ हौस. एखाद्याच प्रकरणासाठी हवा असेल तर भाड्यानं आणा.

एचएफ ऐकणाऱ्यानं आधी डोंगल घ्यावा, टायनीएसए नंतर. रिपीटर (आलेला सिग्नल पुन्हा प्रसारित करणारं केंद्र) किंवा रेडिओ साइट सांभाळणाऱ्यानं उलट. तक्रार करायची असेल तर यांच्या डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीच्या) आकड्यांवर विसंबू नका. सीआयएसपीआरच्या (रेडिओतल्या व्यत्ययाची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीच्या) मोजणीत 150 किलोहर्ट्झ ते 30 मेगाहर्ट्झला 9 किलोहर्ट्झ आणि त्यावर 1 गिगाहर्ट्झपर्यंत 120 किलोहर्ट्झ बँडविड्थचा क्वासी-पीक डिटेक्टर (झुबके किती वारंवार येतात तेही धरून मोजणारा) लागतो, तोही कॅलिब्रेट केलेला. तारीख-वेळ असलेले वॉटरफॉलचे स्क्रीनशॉट मात्र जरूर जोडा.