कुर्ल्याहून बनवून आणलेला सम्प, चार महिन्यांनंतर

मुलुंडच्या वन बीएचकेत हॉलमधे ४ बाय दीड फुटाचा मरीन टँक (खाऱ्या पाण्यातल्या माशांचा) आहे, त्याच्या खालच्या कॅबिनेटमधे बसेल असा ३६ बाय १६ बाय १६ इंचाचा सम्प, म्हणजे वरच्या टँकचं पाणी साफ करायची खालची टाकी, एप्रिलमधे कुर्ल्याच्या एका टँकवाल्याकडून बनवून घेतला. ८ एमएम काच, साडेसात हजार. दुकानाचं नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाहीये आणि अर्धी चूक माझी पण आहे.

काचकाम एक नंबर. सिलिकॉन साफ, चार महिन्यांत थेंब गळला नाही, कडा पण घासून दिल्या, आधीच्या टँकने माझी दोन बोटं कापलीत त्यामुळे मला याचं अप्रूप.

बोंब झाली ती आतल्या खान्यांची. मी कागदावर काढून दिलं होतं, पहिल्या खान्यात फिल्टर सॉक (गाळायची कापडी पिशवी) आणि स्किमर (फेस करून घाण कपात गोळा करणारं यंत्र), मधे रिफ्यूजियम (शेवाळ वाढवायचा खाना), मग बुडबुडे अडवायला बबल ट्रॅप, शेवटी पाणी परत वर ढकलणारा रिटर्न पंप, आणि मधल्या भिंती ९ इंच उंच. याने केल्या १२. का तर म्हणे "पाणी जास्त राहिलं तर चांगलंच की साहेब". अरे पण माझ्या स्किमरला ८-९ इंचच पाणी लागतं, १२ मधे ठेवला की कपात फेसाऐवजी सरळ पाणीच भरतं, शेवटी एगक्रेटचा (प्लास्टिकच्या चौकोनी जाळीचा) ३ इंचाचा पाट करून त्यावर बसवला.

पण खरा घाम फुटला तो लाइट गेल्यावर काय होईल या हिशोबाने. पंप बंद पडला की वरचं पाणी रिटर्नच्या नोझलपर्यंत उलटं खाली येतं. माझं नोझल २ इंच पाण्याखाली होतं आणि या टँकचं एक इंच पाणी म्हणजे १४ लिटर, म्हणजे २८ लिटर, वर पाइप आणि ओव्हरफ्लो बॉक्समधलं (जिथून टँकचं पाणी खाली उतरतं) वेगळं. नशीब की मीठ घालायच्या आधीच साध्या पाण्यावर पंपाचं बटण बंद करून बघितलं, पाणी काठाच्या जेमतेम एक इंच खाली थांबलं, मी हातात फडकं घेऊन जमिनीवर बसलेलो आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंचं नवं पीओपी डोळ्यासमोर. मग नोझल वर घेतलं, आता अर्धाच इंच बुडतं, हवा लगेच शिरते आणि सायफन तुटतो. नॉन रिटर्न व्हॉल्व्हवर (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या झडपेवर) भरवसा ठेवू नका, त्यात कचरा अडकतोच. आणि मुंबईत लाइट जात नाही म्हणणाऱ्यांनी १२ ऑक्टोबर २०२० आठवावा, लोकलसुद्धा जागच्या जागी उभ्या होत्या.

दुसरी गोची रिटर्नचा खाना, फक्त ६ इंच रुंद. बाकी खान्यांची पातळी भिंतीच धरून ठेवतात त्यामुळे बाष्पीभवनाने जे कमी होतं ते सगळं इथेच दिसतं. पंप बुडायला ५ इंच सोडले तर वापरायला ३ इंच, म्हणजे ५ लिटर पण नाही. मे महिन्यात पंखे लावून मी रोज ४-५ लिटर उडवत होतो, एक दिवस ऑफिसहून घरी आलो तर पंप हवा ओढून गुरगुरतोय आणि टँकभर बुडबुडे. कमी झालेलं पाणी आपोआप भरणारा ऑटो टॉप-अप लावावाच लागला. आता पावसात लिटर दीड लिटरच उडतं, पण मग पंख्याने गारवा पण तेवढा येत नाही, ते एक वेगळंच दुखणं.

गंमत म्हणजे त्याच १२ इंचामुळे रिफ्यूजियम भारी झालंय. चेटोचा (एक समुद्री शेवाळ) गोळा मस्त फिरतो, त्याची लाइट रात्री १० ते सकाळी ६, वरची बंद असते तेव्हा, त्यामुळे रात्री पीएच फार पडत नाही. नायट्रेट (माशांच्या घाणीतून साठतं ते) दोन महिन्यांत ४० वरून १० वर आलं आणि काचेवर कोपेपॉड्स, म्हणजे माशांचं खाणं असलेले बारीक जीव, तर मुंग्यांसारखे. हार्ड कोरल (दगडी प्रवाळ) मी ठेवत नाही (वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल वन मधे आहेत, २००१ पासून), माझ्या क्लाउनफिशना १० चालतं.

पाचपैकी तीन स्टार. त्याच्याकडे जाणार असाल तर कागद देऊन निघून येऊ नका, भिंती चिकटवताना टेप घेऊन शेजारी उभे राहा. मी त्याला पहिली भिंत कापून ९ ची करायला आणि रिटर्नचा खाना वाढवायला बोलावलंय, गणपती झाले की येतो म्हणालाय, म्हणजे दिवाळी धरा.