गावच्या पाट्यांचा नवा नियम: परवानगीचा कागद की मोजपट्टी?

रत्नागिरीला खेटून असलेल्या नाचणे, कुवारबाव, खेडशी, शिरगाव अशा गावांतून फिरताना शहर कुठे संपलं आणि गाव कुठे लागलं, हे आता सांगता येत नाही. चिपळूण, दापोली, मालवण, अलिबागच्या कडेलाही तेच झालंय. रस्त्याला गाळे आले, गाळ्यांवर बोर्ड आले, आणि पाट्यांचे नियम मात्र, असलेच तर, गावात चार दुकानं होती तेव्हाचे. आमचंही असंच एक गाव. ग्रामसभेनं पाच जणांची समिती नेमून नवा मसुदा करायला सांगितला, त्यात मी आहे. तुमच्या पंचायतीत हा विषय आला असेल, तर आम्ही कोणते पर्याय समोर ठेवले आणि मी कुठल्या बाजूला झुकले, ते इथे मांडते.

मुख्य रस्ते तीन. पहिला आजवर चालत आलेला: ज्याला बोर्ड लावायचा त्यानं अर्ज करायचा, मासिक सभेत तो वाचायचा आणि ना हरकत दाखला द्यायचा. दुसरा: माप, जागा आणि उजेड यांचे आकडे ठरवून टाकायचे, त्यात बसलं की वेगळी परवानगी नको. तिसरा: सगळ्या गावाला एकच रंग, एकच आकार, एकच अक्षर.

तिसऱ्याबद्दल फार लिहीत नाही. फोटोत तो फार सुंदर दिसतो. देवळाच्या आवारातली पाच-दहा दुकानं, जेट्टीकडे जाणारी एखादी आळी, अशा लहान जागी तो जमतोही. पण औषधाचं दुकान, गॅरेज आणि खानावळ एकाच साच्यात कोंबली की परक्या माणसाला काहीच सापडत नाही. शिवाय हातानं रंगवलेल्या जुन्या पाट्या त्यात पहिल्यांदा जातील, आणि आमच्या गावात नजर ठरावी अशा पाट्या त्याच आहेत.

खरी निवड पहिल्या दोघांत आहे. अर्जाच्या पद्धतीची बाजू आधी नीट सांगते. लहान गावात सभासदांना जागा माहीत असते. कुठल्या वळणावर समोरची गाडी दिसत नाही, कुणाच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला लागून लहान मुलांची शाळेची वाट जाते, हे कागदावरच्या आकड्यांना कळत नाही. मापाचा नियम इथे आंधळा ठरू शकतो.

तरीही मी त्या पद्धतीच्या विरोधात गेले, आणि त्याचं एक कारण आमच्या घरावरच पडलं. शेजारच्या दोन मजली इमारतीच्या गच्चीवर लोखंडी अँगलच्या सांगाड्यात फ्लेक्स ताणलेला होता. जुलैतल्या एका रात्री आधी नुसती फडफड ऐकू येत होती, मग एक कोपरा सुटला, आणि पहाटे अख्खा सांगाडा आमच्या पडवीवर आला. वीस-बावीस कौलं फुटली. भर पावसात कौलं चढवायला माणूस मिळेना. पंधरा दिवस ताडपत्रीखाली काढले. सकाळी बघितलं तर अँगल भिंतीत शिरतो तिथे खाऱ्या हवेनं खाऊन बोटाएवढा उरला होता. त्या बोर्डाला रीतसर दाखला होता, सही-शिक्क्यानिशी. सांगाडा कशानं धरलाय, हे तेवढं कुणी विचारलं नव्हतं. अर्ज कुणाचा आहे हे बघितलं गेलं होतं.

वाऱ्याचा हिशेब करून बघा, अवघड नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी 100 ते 120 किलोमीटरच्या घरात होता. ताशी 100 चा वारा सपाट फळीवर चौरस मीटरला साधारण 47 किलोचा दाब देतो. म्हणजे 10 फूट बाय 4 फुटांच्या बोर्डावर जवळजवळ पावणेदोनशे किलो, आणि 20 बाय 10 च्या फलकावर पावणेनऊशे. वारा दुप्पट झाला की दाब चौपट. 13 मे 2024 ला घाटकोपरला कोसळलेला फलक 120 बाय 120 फुटांचा होता, मुंबई महापालिकेची मर्यादा 40 बाय 40 ची असताना. 17 माणसं गेली. आमच्या गावात तेवढं काही उभं राहणार नाही, पण लहान फलकाखालीही माणसंच उभी असतात, बहुतेक वेळा पाऊस चुकवायला.

म्हणून मसुद्यात पहिली ओळ अशी आहे: छपरावर, गच्चीवर, विजेच्या खांबावर आणि झाडावर बोर्ड नाही. कुणाचाच नाही. याला अर्ज लागत नाही आणि अपवादही लागत नाही.

मापाचं ठरवताना समितीत सगळ्यांत जास्त वाद झाला. सोपा पर्याय म्हणजे सगळ्यांना एकच आकडा, समजा 20 चौरस फूट. ऐकायला न्याय्य वाटतं. पण 8 फुटांच्या टपरीवर 20 चौरस फुटांची पाटी म्हणजे अर्धा दरवाजा झाकला, आणि 40 फुटांच्या फर्निचरच्या दुकानावर तीच पाटी हरवून जाते. दुसरा पर्याय दर्शनी रुंदीवर माप देण्याचा: रस्त्याकडची बाजू जितकी फूट, त्याच्या दीडपट चौरस फूट. 20 फुटांच्या दुकानाला 30, 30 फुटांच्या दुकानाला 45. मी याच्या बाजूनं आहे, दोन दुरुस्त्यांसह. एक, कमाल 48 चौरस फूट, म्हणजे लांबलचक इमारत बांधणाऱ्याला गावाचं आकाश विकत घेता येणार नाही. दोन, किमान 16 चौरस फूट प्रत्येकाला, दुकान कितीही अरुंद असो.

हा 16 चा आकडा आमच्या पेंटरनं दिला. पत्रा आणि एसीपी शीट (प्लास्टिकच्या गाभ्यावर अॅल्युमिनियम चढवलेली) दोन्ही 8 बाय 4 मध्ये मिळतात. लांबीत मधोमध कापलं की 8 बाय 2 चे दोन बोर्ड होतात, तुकडा वाया जात नाही. आम्ही 15 लिहिलं होतं. त्या एका फुटानं प्रत्येक लहान दुकानदाराला शीट कापून फेकायला लागली असती.

त्याच पेंटरनं अक्षराचंही दाखवलं. पत्र्यावर रेड ऑक्साइड मारून, वर पांढऱ्या रंगाचे दोन हात देऊन झाले होते. त्यानं खडूत घोळवलेलं सूत दोन टोकांना धरून मारलं, आणि म्हणाला, "ताई, ही शिरोरेघा. आता वरती वेलांटी नि मात्रा, खालती उकार. इंग्रजीला एवढी जागा लागत नाय." खरं आहे. 10 इंचांचं मराठी अक्षर काढायचं तर वर चार आणि खाली चार इंच सोडावे लागतात. दोन फुटांच्या पाटीत एक ओळ बसते आणि श्वास घेण्यापुरती कड उरते. माप फार आवळलं की पहिला बळी जातो तो 'कु' आणि 'र्क'चा. उकार चौकटीवर चढतो, रफार कापला जातो.

आणि 10 इंच लागतात का, तर रस्त्यावर अवलंबून आहे. साधारण ठोकताळा असा की 1 इंच उंचीचं अक्षर 10 फुटांवरून आरामात वाचता येतं. ताशी 40 नं येणारी गाडी सेकंदाला 36 फूट कापते. चालकाला तीन सेकंद द्यायचे तर शंभर-सव्वाशे फुटांवरून दिसायला हवं, म्हणजे 10-11 इंच. आतल्या पाखाडीत, म्हणजे दगडी पायवाटेवर, माणसं पायी येतात. तिथे 4 इंच पुष्कळ झाले. एकाच गावात दोन मापं ठेवणं पक्षपात वाटेल, पण रस्ता दोन प्रकारचा आहे, माणसं नाहीत. मोठ्या रस्त्याला वरचा हिशेब आणि आतल्या वाटांना सरसकट 16 चौरस फूट, असं आम्ही लिहिलंय. राष्ट्रीय महामार्गाच्या हद्दीतला फलक हा पंचायतीचा विषयच नाही. तिथे महामार्ग खात्याची परवानगी लागते, आणि आपला दाखला दाखवून कुणी तिथे बोर्ड ठोकू नये, हे मसुद्यात स्पष्ट लिहा.

भाषेबद्दल नवा नियम करू नका. तो आहेच. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली: नाव देवनागरी मराठीत, इतर भाषेच्या आधी, आणि अक्षर इतर भाषेपेक्षा लहान नको, दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या दुकानांनाही लागू. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा आपल्याकडेही पुष्कळांनी पाट्या बदलल्या. पंचायतीनं पाटीवर काय लिहिलंय यात पडू नये असंच माझं मत आहे. मजकूर तपासायला बसलं की भावकी आणि निवडणूक दोन्ही सभेत येऊन बसतात.

मोजायचं काय, हेही लिहायला हवं. थंड पेयाची कंपनी फुकट बोर्ड देते, त्यात दुकानाचं नाव कोपऱ्यात आणि बाटली मधोमध. सिमेंटची कंपनी अख्खी भिंत आपल्या रंगात रंगवून देते. दुकानदार म्हणतो माझं नाव तर दोनच फूट आहे. आमच्या मसुद्यात बोर्डाची पूर्ण चौकट आणि रंगवलेली पूर्ण भिंत मोजली जाते. सुटी अक्षरं भिंतीवर बसवली तर त्यांच्याभोवती आयत आखून तो मोजायचा. त्या जागेत जे विकलं जात नाही त्याची जाहिरात ही दुकानाची पाटी नव्हेच. तिला वेगळी मुदत आणि वेगळी फी.

उजेडाच्या बाबतीत निवड आतून पेटणाऱ्या पेटीची आणि वरून खाली टाकलेल्या दिव्याची आहे. हमरस्त्याला दोन्ही चालतील, लुकलुकणारं काही नको एवढंच. किनाऱ्याकडे मात्र मी ठाम आहे. वेळास, आंजर्ले, गुहागर, गावखडी इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. मादी रात्री वाळूवर चढते आणि पिल्लं बाहेर पडली की जिकडे क्षितिज उजळ तिकडे धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर ते क्षितिज समुद्राचं असतं. होमस्टेच्या पांढऱ्या लखलखीत पेटीनं ते रस्त्याचं होतं. गावकरी घरटी हलवून कुंपणात जपतात, पण प्रत्येक घरटं सापडत नाही. म्हणून समुद्राकडे तोंड केलेला पेटता बोर्ड नको, आणि नोव्हेंबर ते मे पिवळसर दिवा, वरून झाकलेला, रात्री दहानंतर बंद. पर्यटक काळोखात हरवतील असं एका होमस्टेवाल्या वहिनींचं म्हणणं होतं. त्याला उत्तर म्हणून नाक्यावर सगळ्या होमस्टेंचा एकत्र दिशादर्शक सुचवला.

या एकत्र खांबाची तुलना एकट्या-दुकट्या बाणांशी करा. आमच्या तिठ्यावर आज 14 बाण आहेत, एकावर एक, आणि खालचे दोन गवतात गेलेत. एकाच चिऱ्याच्या चौथऱ्यावर सारख्या मापाच्या पट्ट्या लावल्या तर गाडी न थांबवता वाचता येतात. अडचण देखभालीची: पट्टी कुणाची, रंग कुणी द्यायचा, बंद पडलेल्या होमस्टेचं नाव कधी काढायचं. वर्षाची फी घेऊन पंचायतीनं हे अंगावर घेतलं तरच खांब टिकतो. नाहीतर तो पंधरावा बाण.

तात्पुरते फलक, म्हणजे मार्च ते मेमधले हापूसचे ठेले, गणपतीच्या शुभेच्छा, वाढदिवस, यांना कापड चालेल, मंडळाचं किंवा दुकानाचं नाव आणि काढायची तारीख फलकावरच. 100 मायक्रॉनखालच्या पीव्हीसी फलकांवर देशभर 1 जुलै 2022 पासून बंदी आहे, ती फक्त पाळायची आहे.

राहिला सगळ्यांत नाजूक प्रश्न: आधीच लागलेल्या पाट्या. एक गट म्हणतो सगळ्यांना एकच तारीख. दुसरा म्हणतो मालक पाटी बदलेल तेव्हा बदलेल. पहिल्यात गाव लवकर नीट दिसतं, पण 2023 मध्ये पदरमोड करून मराठी पाटी लावलेल्या माणसाला पुन्हा खर्चात टाकणं मला पटत नाही. दुसऱ्यात काही पाट्या माझ्या हयातीत बदलणार नाहीत. मी मधली वाट धरली: छपरावरचे, खांबावरचे आणि रस्त्यावर झुकलेले फलक ठरावानंतरच्या पहिल्या पावसाळ्याच्या आत, फक्त मापात न बसणाऱ्यांना तीन वर्षं, किंवा त्याआधी सांगाडा किंवा नाव बदललं तर तेव्हाच. हातानं रंगवलेल्या जुन्या पाट्या भिंतीला पक्क्या असतील तर कायमची सूट. समितीत यावर तीन विरुद्ध दोन मतं पडली, त्यामुळे ग्रामसभेत हे कलम पुन्हा उघडेल.

किराणा दुकानदार काकांनी मला वाटेत गाठून विचारलं, "माझा बोर्ड बारका झाला नि गिऱ्हाईक पुढे गेलं, तर?" मी त्यांच्याच दुकानासमोर टेप लावली. दुकान 11 फुटांचं, बोर्ड 10 बाय 4, त्यातला निम्मा मोबाईल कंपनीचा. नवीन नियमात त्यांना साडेसोळा चौरस फूट मिळतात. त्यांचं स्वतःचं नाव आज पाच फूट लांबीत आहे.

तारीख ठरवताना पाऊस बघा. ठराव 15 ऑगस्टच्या किंवा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत झाला तर दिवाळीनंतरचे कोरडे महिने हाताशी येतात. ऑईलपेंट नीट वाळतो, पेंटर मोकळा असतो. मुदत 30 एप्रिलला संपवा. मेमध्ये चाकरमानी आणि आंबा, दोन्हींमुळे कुणालाही शिडीवर चढायला फुरसत नसते, आणि जूनमध्ये रंग धरत नाही. मसुदा ग्रामसभेत ठेवण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांमार्फत (पूर्वीचे ग्रामसेवक) पंचायत समितीत दाखवून घ्या, दंडाचं कलम असेल तर नक्कीच. आणि सभेला येताना टेप आणा, 50 फुटांची.