ब्लेडचा किल्ला: पैसे वसूल होतात ते गच्चीवर

स्लोव्हेनियातल्या ब्लेड सरोवराच्या उत्तर काठावर, पाण्यापासून साधारण 130 मीटर उंच कड्यावर हा किल्ला आहे. पहिली लेखी नोंद 1011 सालची. 1511 च्या भूकंपात बरीच पडझड झाली, आणि आज दिसतं ते रूप बऱ्याच अंशी 1951 ते 1961 मधल्या डागडुजीचं. सिंहगड-रायगडाचा पसारा डोक्यात ठेवून जाऊ नका. दोन छोटी अंगणं, एवढाच ऐवज.

खरा माल वरच्या अंगणाच्या कठड्याशी आहे: बेटावरचं चर्च, सरोवर आणि मागे डोंगर. बेट इथून नैर्ऋत्येला येतं, म्हणून सकाळी ऊन पाठीशी असतं. दुपारनंतर सूर्य थेट लेन्समध्ये आणि फोटो धुवट. आणखी एक गैरसमज: किल्ला, बेट आणि सरोवर एकाच चौकटीत हवं असेल तर किल्ल्यावरून ते जमणारच नाही. त्यासाठी पलीकडच्या काठावरची ओय्स्त्रित्सा (611 मीटर) किंवा माला ओसोय्नित्सा (685 मीटर) ही टेकडी चढा.

राजधानी लुब्लियानाहून बसनेच या. लेस्त्से-ब्लेड रेल्वे स्टेशन गावापासून 4 किलोमीटरवर आहे, तिथून पुन्हा बस. सेंट मार्टिन चर्चजवळून वर जाणारी पायवाट वीसेक मिनिटांची, पण चांगलीच खडी, पावसात घसरते. गुडघे कुरकुरत असतील तर गाडी वरच्या पार्किंगपर्यंत जाते.

संग्रहालय अर्ध्या तासात उरकतं. छापखान्यात जुन्या पद्धतीच्या लाकडी यंत्रावर कागद छापून देतात, मुलं तिथे रमतात. तिकीट मात्र आकाराच्या मानाने महागच. ढग खाली उतरलेले असतील तर काढूच नका.